आधी अश्रू, मग माप
वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीची मापे आणि डोळ्यांचा कोरडेपणा या दोन विषयांवर गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. वरवर ती वेगवेगळी दिसत असली, तरी त्यांतील अडचण एकच असल्याने या वेळी ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे आणि रुग्णालयांचे उल्लेख गाळले आहेत.

प्रश्न : मी कोथरूडला राहणारी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढायचा आहे. एका रुग्णालयात बुबुळाच्या गोलाईचे माप ४३.२५ आणि ४४.५० आले आणि टोरिक लेन्स, म्हणजे बुबुळाची असमान गोलाई भरून काढणारी लेन्स, बसवावी लागेल, असे सांगण्यात आले. तिची किंमत साध्या लेन्सपेक्षा बरीच जास्त आहे. मुलाच्या आग्रहावरून दुसरीकडे दाखवले, तर तिथे ४४.०० आणि ४४.२५ आले. तिथल्या डॉक्टरांनी टोरिकचे नावही काढले नाही. उलट डोळे कोरडे आहेत, थेंब आणि शेक घ्या, चार आठवड्यांनी पुन्हा मोजू, असे सांगून परत पाठवले. यंत्र नेमके कुणाचे चुकले? आणि ही दिरंगाई कशासाठी?

उत्तर : बहुधा यंत्र दोन्हीकडचे ठीक होते. फरक पडला तो ज्या पृष्ठभागाचे माप घेतले गेले त्याच्यात, आणि आपल्याला चार आठवडे थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी तोच ओळखला आहे.

बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याचा बाहेरचा भाग बहिर्गोल आरशासारखे काम करतो. गोलाई मोजण्याचे यंत्र, म्हणजे केरॅटोमीटर, या पडद्यावर प्रकाशाच्या खुणा टाकतो आणि त्यांचे प्रतिबिंब किती मोठे दिसते, ते मोजतो. प्रतिबिंब जितके लहान, तितकी गोलाई जास्त. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आपले यंत्र बनवले आणि १८८१ साली जावाल व शियोत्झ यांनी ते दवाखान्यात वापरण्याजोगे केले, तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही. आजची संगणकीय यंत्रेही बहुतांशी प्रतिबिंबच मोजतात. मात्र हे प्रतिबिंब कॉर्नियावर पडत नाही, त्याच्यावर पसरलेल्या अश्रूंच्या थरावर पडते. हा थर सुमारे तीन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे अर्धा मिलिमीटरहून थोड्या जाड असलेल्या कॉर्नियाच्या तुलनेत नगण्य. पण यंत्राला दिसतो तो तोच.

नुकत्याच पुसलेल्या शहाबादी फरशीवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब कसे पडते, ते आठवावे. पाणी सारखे पसरलेले असते तोवर दिव्याची रेघ सरळ आणि अखंड दिसते. फरशी ठिकठिकाणी वाळू लागली, की तीच रेघ तुटते, वाकते. फरशीचा आकार त्या अर्ध्या मिनिटात बदललेला नसतो. निरोगी डोळ्यात पापण्यांच्या दोन उघडझापींमध्ये अश्रूंचा थर अखंड राहतो. कोरड्या डोळ्यात तो पाच सेकंदांच्या आत, कधीकधी डोळा उघडताक्षणीच, फाटतो. त्या क्षणी घेतलेले माप कॉर्नियाच्या गोलाईपेक्षा त्या फाटक्या थराचेच असते.

आता आपले आकडे पाहू. केरॅटोमीटर गोलाईची त्रिज्या मिलिमीटरमध्ये मोजतो आणि ३३७.५ ला त्या त्रिज्येने भागून डायॉप्टरचा, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या ताकदीचा, आकडा देतो. ७.८० मिलिमीटर त्रिज्येचे ४३.२५ होतात, ७.५८ चे ४४.५०. म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तरी सुमारे ०.०६ डायॉप्टरचा फरक पडतो. दोन्ही ठिकाणच्या मापांची सरासरी काढली, तर ती ४३.८८ आणि ४४.१३ येते. सरासरीतला हा पाव डायॉप्टरचा फरक फार मोठा नाही. लेन्सच्या मूळ नंबरात त्यामुळे जास्तीत जास्त अर्ध्याचा बदल होईल. खरी तफावत आहे ती उभ्या आणि आडव्या गोलाईतील अंतरात, ज्याला चष्म्याच्या दुकानात सिलिंडर म्हणतात. पहिल्या ठिकाणी ते १.२५ होते, दुसऱ्या ठिकाणी अवघे ०.२५. टोरिक लेन्स घ्यायची की नाही, हा निर्णय मुख्यतः या अंतरावर ठरतो. म्हणजे आपल्या बाबतीत काही हजार रुपयांचा प्रश्न एका अश्रूंच्या थरावर अडकून पडला आहे.

दोन्हींपैकी खरे कोणते, हे पत्रातून सांगता येणार नाही. दोन्ही चुकीची असण्याचीही शक्यता आहे. टोरिक लेन्स ही वाईट वस्तू नाही, आणि १.२५ चे सिलिंडर खरोखर असेल तर ती घेण्यात काहीच गैर नाही. पण ती ठरावीक अंशाच्या रेषेवर बसवावी लागते. ती रेषा प्रत्येक अंशाने चुकली, की लेन्सचा सुमारे ३.३ टक्के परिणाम वाया जातो; २० अंशांनी चुकली तर दोन तृतीयांश फायदा गेला, आणि ३० अंशांनी चुकली तर ती लेन्स घालून सिलिंडर जराही कमी होत नाही. कोरड्या डोळ्यात ही रेषाच एका भेटीत एकीकडे आणि दुसऱ्या भेटीत दुसरीकडे दिसते. म्हणून आकड्यांबरोबर दोन्ही कागदांवरचा अंश, म्हणजे ॲक्सिस, सारखा आहे का, हेही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवून विचारावे.

चार आठवडे कशासाठी, याचे उत्तर कॉर्नियाच्या त्वचेत आहे. तिचा सर्वांत वरचा पेशीथर साधारण सात ते दहा दिवसांत नवा होतो. कोरडेपणामुळे त्यावर पडलेले बारीक ओरखडे भरून यायला आणि पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी पुन्हा वाहत्या व्हायला काही आठवडे लागतातच. बहुसंख्य रुग्णांत मूळ दोष या तेलग्रंथींत असतो; तेल कमी पडले, की अश्रू भराभर उडून जातात. त्यासाठी शेक महत्त्वाचा. गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावा, मात्र तो दोन मिनिटांतच थंड होतो, म्हणून पुन्हा पिळून घ्यावा. नंतर पापणीच्या कडेला बोटाने हलकेच मालीश करावे. थेंब शक्यतो प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवण्यासाठी घातलेले रसायन) नसलेले असावेत. काही रुग्णांना थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड किंवा दीर्घकाळासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब लागतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावेत, कारण स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढू शकतो. गुलाबपाणी, मध किंवा तूप डोळ्यात घालण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. तो नम्रपणे ऐकून सोडून द्यावा.

मोतीबिंदू फार पिकलेला नसेल आणि त्यामुळे डोळ्याचा दाब वाढलेला नसेल, तर महिनाभर थांबल्याने डोळ्याचे नुकसान होत नाही. पहिल्या रुग्णालयाने घाई केली, असा आरोपही मी करणार नाही. पण डोळ्यावर एकदाच माप घेऊन त्याच दिवशी टोरिकचा निर्णय सांगणे मला पटत नाही.

प्रश्न : मी चिंचवडचा. भोसरीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात अनेक वर्षे काम केले. आम्ही मायक्रोमीटरने एकच भाग अनेकदा मोजून सरासरी घेत असू. पत्नीच्या मोतीबिंदूच्या वेळी तिचे माप तीनदा घेतले गेले, आणि तिन्ही वेगळे आल्यावर तंत्रज्ञ बाईंनी सरासरी न घेता ‘परत या’ म्हणून सांगितले. सरासरीने का भागत नाही? की दुसरे, महागडे यंत्र वापरायला हवे होते?

उत्तर : आपण ज्या क्षेत्रात काम केलेत, त्याच भाषेत सांगतो. आपला लोखंडी भाग दहा वेळा मोजेपर्यंत तसाच राहत असे, त्यामुळे मापांतील विखुरलेपणा हा मायक्रोमीटरचा आणि हाताचा असे, आणि सरासरीने तो बराचसा निघून जात असे. इथे मोजला जाणारा भागच माप घेता घेता बदलतो. शिवाय चूक नेहमी दोन्ही बाजूंना सारखी विखुरलेली नसते. पापण्या पूर्ण मिटत नसतील, तर कॉर्नियाचा खालचा भाग दर वेळी आधी वाळतो, आणि चूक दर वेळी एकाच दिशेने होते. अशा वेळी सरासरी घेतली, तर आकडा नीटनेटका दिसतो आणि चूक तशीच राहते. कारखान्यातला शून्याला न बसलेला मायक्रोमीटर शंभर वेळा वापरून जे मिळेल, तेच इथे मिळते.

म्हणून तीन मापांतील तफावतीकडे मी त्रास म्हणून पाहत नाही. ती स्वतःच एक निदान आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांच्या अश्रूंचा खारटपणा (कोरडेपणाची एक खूण) जास्त होता, त्यांची मापे त्याच यंत्रावर तीन आठवड्यांच्या आत पुन्हा घेतली असता, निरोगी अश्रू असलेल्यांपेक्षा जास्त वेगळी आली. त्यातील काहींच्या लेन्सचा हिशेबही अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदलला. तंत्रज्ञ बाईंनी केले ते बरोबर केले, आणि असे सांगायला थोडा निर्धार लागतो, कारण रुग्ण नाराज होतो आणि बाहेर रांग असते.

यंत्राबद्दल सांगायचे, तर हाताने वापरायचा जुना केरॅटोमीटर मधल्या सुमारे तीन मिलिमीटर वर्तुळातील फक्त चार बिंदू पाहतो. लेन्ससाठी डोळ्याची मापे घेणाऱ्या आजच्या यंत्रांपैकी, म्हणजे बायोमीटरांपैकी, एका प्रकारात सहा ठिपके असतात, दुसऱ्यात अठरा, आणखी एकात बत्तीस. ठिपके जास्त असले, तर अश्रूंच्या थरातील एका फाटीचे वजन कमी होते, आणि यंत्र तो ठिपका वगळून पुढे जाऊ शकते. पण थर सगळीकडेच फाटलेला असेल, तर ठिपक्यांची संख्या कामाला येत नाही. मला स्वतःला या कामी प्लासिडोच्या वर्तुळांचे यंत्र आवडते. पोर्तुगालच्या प्लासिडोने १८८० मध्ये काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी वापरली, त्याच वर्तुळांची ही सुधारित आवृत्ती आहे. त्यात वर्तुळे जिथे चुरगळतात किंवा तुटतात ती जागा समोर दिसते, आणि आकडा विश्वासार्ह आहे की नाही, हे आकडा वाचण्यापूर्वीच कळते.

आणखी एक यंत्र म्हणजे शाइम्फ्लुग कॅमेरा; तो प्रतिबिंब मोजत नाही. तो प्रकाशाच्या पातळ फटीने कॉर्नियाचे छेद घेतो. त्यामुळे अश्रूंवर त्याचे अवलंबन कमी असते, पण अगदी नसते असे नाही. आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. तो कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागासह जो खरा एकूण आकडा देतो, तो ३३७.५ च्या हिशेबाने मिळणाऱ्या आकड्यापेक्षा कमी येतो. लेन्सची बरीचशी सूत्रे जुन्या हिशेबाची अपेक्षा धरतात. तिथे हा आकडा सरळ टाकला, तर नंबर चुकतो. दोन यंत्रे एकमेकांची पडताळणी करण्यासाठी वापरावीत, त्यांची सरासरी काढण्यासाठी नव्हे.

लेन्सचा नंबर डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची गोलाई यांवरून काढतात. आणि हे सगळे पूर्वीपेक्षा आता जास्त का बोलले जाते, तर लांबी मोजण्याचा प्रश्न प्रकाशावर चालणाऱ्या यंत्रांनी बराच सोडवला. पूर्वी ध्वनिलहरींची सळई डोळ्याला टेकवून लांबी मोजत, तेव्हा त्यात जराशी चूक झाली, तरी नंबर बराच हलायचा, आणि गोलाईतील चूक त्यात झाकली जायची. आता लांबी इतकी नेमकी मिळते, की गोलाईतील चूक उघडी पडते. १९८० च्या सुमाराच्या एसआरके या जुन्या सूत्रात गोलाईला ०.९ ने गुणले जात असे. म्हणजे गोलाईतील एक डायॉप्टरची चूक लेन्समध्ये जवळपास एक डायॉप्टर होऊनच उतरते. सूत्रे बदलली, पण हे प्रमाण फारसे बदललेले नाही.

प्रश्न : माझ्या डोळ्यांतून सारखे पाणी येते, विशेषतः सकाळी सिंहगड रस्त्यावरून दुचाकीवर जाताना. तरीही ‘डोळे कोरडे आहेत’ असे निदान झाले. हे कसे शक्य आहे? (धायरी)

उत्तर : शक्य आहे, आणि नेहमी दिसते. पृष्ठभाग वाळला, की डोळा घाबरून एकदम पाणी सोडतो. त्या पाण्यात तेल आणि चिकटपणा कमी असल्याने ते टिकत नाही, गालावरून वाहते आणि डोळा पुन्हा कोरडा. वाऱ्याने हे वाढते, म्हणून पुढून काच असलेले हेल्मेट वापरावे. मात्र अश्रूंची नळी अरुंद झाली असेल, तरी पाणी येते, तेव्हा तीही तपासून घ्यावी. मापाच्या दृष्टीने पाणावलेला डोळा कोरड्याइतकाच वाईट, कारण साचलेले पाणी खालच्या पापणीशी वेगळीच गोलाई तयार करते.

प्रश्न : मी नुकतीच ऑप्टोमेट्रीचा अभ्यासक्रम पूर्ण करून हडपसरच्या एका नेत्ररुग्णालयात काम करू लागले आहे. दिवसाला मोतीबिंदूची बरीच मापे घ्यावी लागतात. कोरडा डोळा असलेल्या रुग्णाचे माप विश्वासार्ह येण्यासाठी प्रत्यक्ष काय करावे, हे कोणी नीट सांगत नाही. कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : विचारल्याबद्दल अभिनंदन. या कामात यंत्र कोणत्या कंपनीचे आहे, त्यापेक्षा तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा असतो, आणि नेमका तोच सर्वाधिक बिघडलेला दिसतो.

माप सर्वांत आधी घ्यावे. डोळ्याला काहीही लागण्यापूर्वी, म्हणजे भूल देणारे थेंब, बाहुली मोठी करणारे थेंब, पिवळ्या रंगाची पट्टी, दाब मोजणे, अश्रू मोजणारी कागदाची पट्टी, या सगळ्यांच्या आधी. भुलीच्या थेंबाने पापण्यांची उघडझाप मंदावते आणि वरची त्वचा ओलसर-भुसभुशीत होते. हवेचा झोत मारून दाब मोजणाऱ्या यंत्राने डोळ्याला हात लागत नाही, पण पाणी येतेच. स्लिट लॅम्पचा प्रखर उजेडही मापाआधी डोळ्यावर टाकू नये. बऱ्याच ठिकाणी रुग्ण आत आल्याबरोबर ‘दाब आणि ऑटोरेफ’ (यंत्राने चष्म्याचा नंबर काढणे) एकत्र उरकले जाते. आपल्याकडेही तसे होत असेल, तर डॉक्टरांशी बोलून क्रम बदलून घ्यावा.

रुग्णाला विचारून घ्यावे : आज थेंब टाकले का, किती वाजता, रात्री मलम लावले होते का, कॉन्टॅक्ट लेन्स वापरतात का. मलमाचा ओशट थर सकाळपर्यंत राहतो, म्हणून मापाच्या आदल्या रात्री मलम टाळायला फोनवरच सांगावे. कृत्रिम अश्रू टाकून लगेच मोजणे हा तर फसवा उपाय आहे. थेंबानंतरची पहिली काही मिनिटे माप उलट जास्त अस्थिर असते, जाड थेंबांनंतर विशेषच. डोळा इतका कोरडा असेल, की थेंबाशिवाय माप येतच नाही, तर पातळ थेंब टाकून किमान पाच मिनिटे, शक्यतो दहा, थांबावे आणि तसे कागदावर लिहावे. दुचाकीवरून आलेल्या रुग्णाला आधी पंधरा मिनिटे बसू द्यावे, आणि ते एअर कंडिशनरच्या झोताखाली नको. पुण्यात फेब्रुवारी ते मे या काळात दुपारची हवा इतकी कोरडी असते, की त्या महिन्यांत मी अशा रुग्णांना सकाळची वेळ देतो.

प्रत्यक्ष माप घेताना रुग्णाला दोन-तीन वेळा सावकाश, पूर्ण डोळे मिटायला सांगावे, जोराने नव्हे. मग डोळा उघडा ठेवायला सांगून एक-दोन सेकंदांत माप घ्यावे. ‘डोळा मोठा करा, हलू नका’ असे म्हणून दहा सेकंद ताटकळत ठेवलेला डोळा निरोगी असला, तरी माप बिघडते. आपल्याकडे हाताने चालवायचा केरॅटोमीटर असेल, तर तो अडगळीत टाकू नका, शिकण्यासाठी त्यासारखा गुरू नाही. त्यात तीन वर्तुळे दिसतात, बाजूला अधिकची आणि वर-खाली उणेची चिन्हे. पापणी उघडल्यावर ती कडेने रेखीव असतात. कोरड्या डोळ्यात दोन-तीन सेकंदांनी आधी एका चिन्हाची कड पसरट होते, मग वर्तुळाची रेघ डळमळते आणि एका बाजूने विरते. पापणी लवली, की सगळे पुन्हा रेखीव. हे एकदा डोळ्याने पाहिले, की संगणकाने छापलेल्या आकड्यामागे काय घडत असेल, ते कळते. किती सेकंदांत कड बिघडते, हे मनात मोजत राहावे. रंग न टाकता अश्रूंच्या टिकाऊपणाचा अंदाज तिथेच मिळतो.

वरची पापणी आडवी येत असेल, तर ती भुवईखालच्या हाडावर हलकेच धरावी. बोटाचा दाब डोळ्यावर पडला, की जे सिलिंडर नाही तेही दिसू लागते.

किती मापे घ्यावीत? मी किमान तीन घेतो आणि ती एकमेकांच्या पाव डायॉप्टरच्या आत असली, तरच पुढे जातो. सिलिंडर एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असेल, तर ॲक्सिस दहा अंशांच्या आत यावा अशी अपेक्षा ठेवतो. सिलिंडर अगदी कमी असेल, तर ॲक्सिस तसाही फिरतो, त्याची चिंता करू नये. ऑटोकेरॅटोमीटर तीन मापांची सरासरी छापतो; सरासरीच्या वरच्या ओळींतील प्रत्येक माप वाचायची सवय लावून घ्यावी, आणि यंत्राने एखाद्या मापापुढे शंकेची खूण छापली असेल, तर ते माप फेकून द्यावे, त्याला सरासरीत ओढू नये. सरासरी गोलाई ४० पेक्षा कमी किंवा ४७ पेक्षा जास्त आली, अथवा दोन डोळ्यांत एक डायॉप्टरहून अधिक फरक आला, तर डोळा सुदृढ वाटत असला, तरी पुन्हा मोजावे. मापे जुळत नसतील, तर उपचारानंतर दुसऱ्या दिवशी नव्हे, दोन-चार आठवड्यांनी, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच यंत्रावर मोजावे, आणि दुसऱ्या प्रकारच्या यंत्राने पडताळावे.

आणि ‘मला तर काहीच त्रास होत नाही’ या वाक्यावर विसंबू नये. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, मोतीबिंदूच्या १३६ रुग्णांच्या अभ्यासात ६२.९ टक्के डोळ्यांत अश्रूंचा थर पाच सेकंदांत किंवा त्याआधी फाटत होता आणि निम्म्या डोळ्यांत कॉर्नियाच्या मध्यभागावर, म्हणजे आपण मोजतो नेमक्या त्या जागी, रंग धरणारे ओरखडे होते. पण कोरड्या डोळ्यांचे निदान पूर्वी झालेले रुग्ण त्यात २२.१ टक्केच होते. वय आणि मधुमेह यांमुळे कॉर्नियाची संवेदना कमी होते, त्यामुळे डोळा खराब असूनही चुरचुरत नाही. मधुमेहाचे आपल्याकडचे प्रमाण पाहता तक्रार नसलेला रुग्ण मला अधिक सावध करतो. काचबिंदूचे थेंब अनेक वर्षे घेणाऱ्यांचेही तेच; त्यांतील प्रिझर्व्हेटिव्ह पृष्ठभाग झिजवते.

प्रश्न : वय ३१. हिंजवडीत संगणकावर काम, दिवसभर वातानुकूलित खोली, मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. चष्मा घालवण्यासाठी लेझरची चौकशी केली, तर नकाशात कॉर्नियाचा खालचा भाग फुगीर दिसला आणि ‘केराटोकोनसचा संशय’ (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा फुगण्याचा आजार) असे लिहून दिले. डोळे चुरचुरतात. घाबरावे का?

उत्तर : घाबरू नये, पण कागद फाडूनही टाकू नये. अश्रूंचा थर खाली लवकर फाटला, किंवा लेन्स मापाच्या आदल्या दिवसापर्यंत वापरली गेली असेल, तर नकाशात खालचा भाग खोटा फुगीर दिसू शकतो. संगणकापुढे पापण्यांची उघडझाप कमी होते आणि तीही अर्धवट, म्हणून खालचा पट्टा आधी वाळतो. मऊ लेन्स किमान दोन आठवडे बंद ठेवाव्यात (कडक लेन्स असती, तर तीन-चार आठवडे), कोरडेपणावर उपचार घ्यावेत आणि मग आठवड्याच्या अंतराने दोन नकाशे काढावेत. ते जुळले, तरच त्यावर निर्णय घ्यावा. कॉर्नियाची जाडी आणि मागचा पृष्ठभाग यांची तपासणीही करून घ्यावी, कारण अश्रू मागच्या पृष्ठभागावर नसतात.

उपचारानंतरही फुगीरपणा तिथेच राहिला, तर तो खरा मानावा आणि लेझरचा विचार सोडून द्यावा. आजार वाढत असेल, तर सीथ्रीआर या कॉर्निया मजबूत करणाऱ्या उपचाराने तो रोखता येतो. नकाशे स्वच्छ आले, तरी लॅसिक या लेझर शस्त्रक्रियेत कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात आणि कोरडेपणा काही महिने वाढतो, हे लक्षात घेऊनच पुढे जावे. दोन्ही शक्यतांत एक गोष्ट आजपासून बंद करावी : डोळे चोळणे.

प्रश्न : वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले. लांबचा चष्मा लागणार नाही, असे सांगितले होते, पण तपासणीत उणे ०.७५ निघाला. सकाळी चांगले दिसते, वर्तमानपत्र घेऊन दहा मिनिटे झाली, की अक्षरे धूसर होतात, डोळे मिचकावले, की पुन्हा स्पष्ट. लेन्सचा नंबर चुकला का? (सदाशिव पेठ)

उत्तर : डोळे मिचकावल्यावर अक्षरे स्पष्ट होतात, हे आपण नेमके टिपले आहे, अशा धूसरपणाचे कारण बहुधा लेन्समध्ये नसून अश्रूंत असते. शस्त्रक्रियेचा छेद कॉर्नियाच्या काही नसा कापतो, सूक्ष्मदर्शकाचा उजेड आणि नंतरचे थेंब यांची त्यात भर पडते, त्यामुळे आधी थोडा असलेला कोरडेपणा वाढतो आणि साधारण एक ते तीन महिन्यांत ओसरतो. चष्म्याचा नंबर काढतानाही अश्रूंचा हाच थर मध्ये असल्याने आज निघालेला ०.७५ अंतिम मानू नये. शस्त्रक्रियेपूर्वीचा मापांचा कागद रुग्णालयातून मागून घ्यावा आणि त्यात तीन मापे एकमेकांशी जुळत होती का, ते पाहावे. सध्याच्या थेंबांबरोबर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू चालतील का, हे शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारावे. सहाव्या आठवड्यानंतर, काही दिवसांच्या अंतराने, दोनदा नंबर काढून घ्यावा. दोन्ही वेळा तो सारखा आला, तर चष्मा करून घ्यावा. एवढ्या नंबरासाठी लेन्स बदलण्याचा सल्ला कोणी देणार नाही. तसा कोणी दिलाच, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.